यॉन बाउअरचे जंगल: पाहिलेले किती, कल्पिलेले किती

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर युरोपातल्या लोककथांच्या एका बालसंग्रहाची चित्रे आपल्याला काढायची आहेत आणि नमुना म्हणून प्रकाशकांनी आपल्यापुढे स्वीडनच्या यॉन बाउअरची चित्रे ठेवली आहेत. असे जंगल त्याने मनाने रचले की पाहून काढले, आणि जे जंगल आपण कधी पाहिलेले नाही ते काढताना त्याच्याकडून नेमके काय घ्यावे, असे आपण विचारता. मी तीस वर्षे मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढत आलो आहे, त्यांतली बरीच वर्षे बाउअरची दोन चित्रे माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहेत, आणि त्याच्या गावी जाऊन मूळ चित्रे पाहण्याचा योगही एकदा आला. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. त्याने जंगल पाहून काढले, आणि आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पाहून काढले. त्याच्या चित्रांतले ट्रोल, म्हणजे उत्तरेकडच्या लोककथांमधले ते अवाढव्य, मंद बुद्धीचे, डोंगरकपारीत राहणारे जीव, अर्थातच कल्पनेतले आहेत. पण ते ज्या शिळांच्या आडून डोकावतात त्या शिळा, ती शेवाळाची जाड गादी, ते खांबांसारखे सरळ बुंधे आणि त्यांच्यामधून कसाबसा झिरपणारा उजेड हे सारे स्वीडनच्या दक्षिणेकडील स्मोलांड प्रांतात आजही जसेच्या तसे पाहायला मिळते.

बाउअरचा जन्म ४ जून १८८२ रोजी यॉन्शॉपिंग या गावी झाला. हे गाव व्हेटर्न नावाच्या प्रचंड सरोवराच्या दक्षिण टोकाला आहे. वडील योसेफ जर्मनीतल्या बव्हेरियातून येऊन तिथे स्थायिक झालेले, त्यांचे मांसविक्रीचे दुकान चांगले चालत असे आणि कुटुंब दुकानाच्या वरच राहत असे. गावाबाहेर एका लहान तळ्याकाठी त्यांचे उन्हाळी घरही होते. घरात चित्रकलेची परंपरा नव्हती, पण मुलाला रेखाटनाचा नाद होता आणि दाराबाहेर पडले की थोड्याच अंतरावर जंगल सुरू होत होते. यॉन लहान असतानाच त्याची बहीण आना तेराव्या वर्षी वारली आणि त्या दुःखाची सावली घरावर बराच काळ राहिली. त्याच्या चित्रांतल्या एकट्या, अबोल, फिकट मुलींकडे पाहताना मला तिची आठवण होते. अर्थात हा माझा अंदाज आहे, त्याला पुरावा म्हणून काही दाखवता येणार नाही.

आता त्या जंगलाकडे थोडे नीट पाहू या, कारण आपल्या प्रश्नाचा खरा गाभा तिथेच आहे. दहा हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तो सारा प्रदेश जाड हिमस्तराखाली दबलेला होता. बर्फ सरकताना त्याने खडक फोडले, फरफटत नेले, आणि वितळताना ते जिथल्या तिथे टाकून दिले. त्यामुळे स्मोलांडच्या जमिनीत दगडच दगड आहेत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या दगड वेचून शेतांभोवती गडगे रचले, तरी ते संपले नाहीत, आणि याच दरिद्री जमिनीपायी एकोणिसाव्या शतकात तिथल्या असंख्य कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. जंगलात मात्र ते दगड जिथे पडले तिथेच राहिले. काही माणसाएवढे, काही घराएवढे, आणि बहुतेकांवर शेवाळाचा इतका जाड थर की मूळ दगडाची कड कुठेच टोचत नाही. सगळे आकार गोलसर, खांदे पाडून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. त्यावर कुठे स्प्रूस या तिथल्या सूचिपर्णी झाडाचे लहानसे रोप उगवलेले, कुठे मुळे शिळेला बोटांसारखी घट्ट धरून खाली उतरलेली, कुठे फांद्यांवरून राखी रंगाचे दगडफूल दाढीसारखे लोंबणारे.

मी त्या जंगलात पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, शरद ऋतू उलटत आला होता, आणि पायवाटेच्या डाव्या हाताला कोणीतरी पाठमोरे बसले आहे असे वाटून मी थबकलो. ती शिळा होती. पाच पावले पुढे जाऊन मागे वळून पाहिले तर तिला नाक फुटलेले होते. म्हणजे वरच्या कपारीतून निघालेली एक मोडकी फांदी त्या कोनातून नाकासारखी दिसत होती. त्या क्षणी मला बाउअरच्या कामाची जी किल्ली मिळाली ती त्याआधीच्या पंधरा वर्षांत पुस्तके चाळून मिळाली नव्हती. तो ट्रोल काढून मागे जंगल भरत नव्हता. तो आधी शिळा काढत होता आणि मग त्या शिळेत आधीपासून असलेले नाक, पाठ, गुडघा इतकाच पुढे आणत होता. लोकसमजुतीतही ट्रोलावर सूर्यप्रकाश पडला की त्याचा दगड होतो. बाउअरने ती क्रिया उलट दिशेने चालवली. म्हणूनच त्याचे ट्रोल भयंकर असूनही परके वाटत नाहीत. त्यांच्या कातडीचा पोत, त्यांच्या केसांची जटाधारी रचना, त्यांचे सुजट हात हे सगळे त्या जमिनीच्याच साहित्यातून घडलेले आहे.

उजेडाचेही तसेच आहे. यॉन्शॉपिंग साधारण ५८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यानंतर तिथे दिवस साडेसहा-पावणेसात तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांपर्यंत चढलेला असतो. याचा परिणाम चित्रकाराने नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे जंगलात ऊन वरून पडते, पानांतून गाळून जमिनीवर त्याचे कवडसे पडतात. तिथे हिवाळ्यात उजेड आडवा, बुंध्यांच्या मधून येतो. झाडांचे शेंडे आणि पायथे अंधारात राहतात आणि मधल्या पट्ट्यात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक फिकट पिवळी फट उघडते. बाउअरची कितीतरी चित्रे या एका फटीवर उभी आहेत. उलट जूनमध्ये रात्र पूर्ण काळी होतच नाही, एक निळसर राखाडी संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो आणि त्यात वस्तूंना सावलीच पडत नाही. हे दोन उजेड ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला चित्रात गूढपणा वेगळा आणावा लागत नाही.

सोळाव्या वर्षी तो चित्रकला शिकायला स्टॉकहोमला गेला. रॉयल अकादमीत प्रवेश मिळण्याइतके वय नव्हते, म्हणून आधी दोन वर्षे एका खाजगी चित्रशाळेत काढली आणि १९०० साली अकादमीत दाखल झाला. तिथे त्याला वनस्पती, ऐतिहासिक वेशभूषा, शरीररचना यांचा काटेकोर अभ्यास करावा लागला. हा भाग त्याच्या चाहत्यांकडून हमखास दुर्लक्षित राहतो, पण त्याच्या राजकन्यांच्या वस्त्रांना पडणाऱ्या चुण्या किंवा एखाद्या राजपुत्राच्या कमरपट्ट्याची बांधणी पाहा. तिथे अंदाजाने काढलेले काहीच नाही. त्याचे शिक्षक गुस्ताफ सेडरस्ट्रॉम हे भव्य ऐतिहासिक कॅनव्हाससाठी नावाजलेले, तरीही या मुलाच्या तळहाताएवढ्या कामात त्यांना मोठी कला दिसली होती.

१९०४ च्या उन्हाळ्यात त्याला एक काम मिळाले आणि त्याने त्याच्या चित्रसृष्टीला दुसरा खांब दिला. लॅपलँडवर, म्हणजे स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील प्रदेशावर, एक मोठा ग्रंथ निघणार होता. त्या प्रदेशातल्या लोहखनिजामुळे आणि नव्या रेल्वेमार्गामुळे त्या काळी स्वीडनभर त्याची चर्चा होती. ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाउअर सुमारे महिनाभर तिथे सामी लोकांमध्ये, म्हणजे त्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांमध्ये, राहिला. त्याने रेखाटने केली, छायाचित्रे घेतली, टिपणे काढली: पट्ट्याला अडकवलेली सुरी, तिची शिंगाची मूठ, कोट कसा शिवला आहे, पाळणा कसा बांधला आहे, तंबूच्या काठ्या कशा टेकवल्या आहेत. जो अभ्यास एका माहितीपर ग्रंथासाठी झाला तो पुढे परीकथांच्या चित्रांत उतरला. त्याच्या ट्रोलांच्या कमरेला लटकणाऱ्या सुऱ्या, त्यांचे जड धातूचे दागिने, त्यांच्या पिशव्या खऱ्या वाटतात त्या यामुळेच.

इथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपण आज चित्रे काढणार आहात. सामी हा जिवंत समाज आहे, त्यांची वस्त्रे आणि सुऱ्या ही त्यांच्या रोजच्या वापरातली आणि सन्मानाची वस्तू आहे, आणि ती उचलून राक्षसांच्या अंगावर चढवणे हे त्या काळच्या स्वीडिश चित्रकाराला खटकले नाही. बाउअरच्या मनात आकस होता असे मी म्हणत नाही. त्याच्या लॅपलँडच्या जलरंगांत माणसांकडे पाहण्याची आस्था स्पष्ट दिसते. तरी कथाचित्र मुलाच्या मनात कायमचे बसते, आणि कुणाचा वेश कुणाच्या अंगावर घातला याचा हिशेब चित्रकारालाच ठेवावा लागतो. बाउअरकडून वस्तूंचा अभ्यास जरूर घ्यावा, पण हा एक भाग तसाच्या तसा उचलू नये असे माझे ठाम मत आहे.

१९०७ मध्ये ‘ब्लांड टोमतार ओक ट्रोल’ हा वार्षिक कथासंग्रह सुरू झाला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘टोम्टे आणि ट्रोल यांच्या संगतीत’ असा होतो. टोम्टे म्हणजे घराची आणि गोठ्याची राखण करणारा खुजा म्हातारा. आपल्याकडे दिवाळी अंकांची जशी वाट पाहिली जाते तशी तिकडे नाताळच्या या पुस्तकाची वाट पाहिली जाऊ लागली. १९०७ पासून १९१५ पर्यंत, १९११ चा अपवाद वगळता, त्याची चित्रे बाउअरने केली आणि आज जगाला जो बाउअर माहीत आहे तो मुख्यतः या आठ पुस्तकांतला आहे.

या पुस्तकांच्या छपाईची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. सुरुवातीच्या पुस्तकांत पूर्णपान चित्रांसाठी दोनच शाया उपलब्ध होत्या, काळी आणि पिवळी. निळे आकाश, हिरवी पाने, लाल टोपी यांपैकी काहीही छापून येणार नव्हते. १९१२ पासून निळ्या शाईची भर पडली आणि छापील पान मूळ चित्राच्या जवळ जाऊ लागले. आता विचार करा, चित्रकाराच्या हातात फक्त काळा आणि पिवळा असेल तर तो काय करेल? पिवळा तो अतिशय जपून वापरेल. एखाद्या मुलीचे केस, एखादी मशाल, मुकुटाची कड, झाडांमागची ती आडवी फट, एवढ्याच ठिकाणी तो ठेवेल, आणि उरलेले सगळे पान करड्या-तपकिरी छटांच्या उतरंडीत बांधेल. बाउअरने नेमके हेच केले, आणि योगायोग असा की स्मोलांडचे हिवाळी जंगलही याच दोन शायांत छापल्यासारखे दिसते. पुढे निळा हाताशी आला तेव्हाही त्याने तो उधळला नाही. आधीच्या वर्षांची शिस्त हातात मुरलेली होती.

मी स्वतः याचा अनुभव एका पुस्तकाच्या वेळी घेतला. रात्रीच्या जंगलाचे एक चित्र मी सतरा-अठरा रंगांत चार वेळा केले आणि चारही वेळा ते नाटकाच्या पडद्यासारखे झाले. पाचव्या वेळी मी पॅलेटवर काळी शाई आणि पिवळी माती एवढेच ठेवले. पहिल्या तासात हात बांधल्यासारखे वाटले. मग लक्षात आले की दूरच्या झाडांना वेगळा रंग देता येत नसल्यामुळे मी त्यांना फिकट करतो आहे, जवळच्या बुंध्याला पोत देतो आहे, आणि मधली जागा रिकामी सोडतो आहे. त्या रिकाम्या जागेमुळेच चित्रात हवा खेळू लागली. प्रकाशकांनी पुढे तेच चित्र मुखपृष्ठावर घेतले.

त्याची कामाची पद्धतही सांगतो. बाउअर पहिले रेखाटन टपाल तिकिटाएवढे काढत असे. एवढ्या आकारात चेहरा, बोटे, पाने काहीच मावत नाही. मावतो फक्त गडद आणि फिकट यांचा तोल आणि मुख्य आकृतीची जागा. तो तोल पटला की तेच चित्र थोडे मोठे, मग आणखी मोठे, आणि दर टप्प्याला तपशील वाढत जाणारे. शेवटचे चित्र जलरंग, गॉश (म्हणजे अपारदर्शक जलरंग) आणि शाई यांत, आणि तेही फार मोठे नाही. बहुतेक जवळजवळ चौकोनी. यॉन्शॉपिंगच्या जिल्हा संग्रहालयात त्याच्या कामाचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे. तिथे मूळ चित्रांसमोर उभे राहिल्यावर मला पहिला धक्का त्यांच्या लहान आकाराचाच बसला होता. पुस्तकात ज्या ट्रोलाच्या पायाशी आपण उभे आहोत असे वाटते, तो प्रत्यक्षात माझ्या पंजाएवढा होता. भव्यता कागदाच्या मापातून आलेली नव्हती, आकृतींच्या आपसांतल्या प्रमाणातून आली होती.

हे प्रमाण सर्वात स्पष्ट दिसते ते १९१३ सालच्या त्याच्या सर्वात प्रसिद्ध चित्रात. हेल्गे शेलिन यांच्या कथेत तुव्हस्तार नावाची लहान राजकन्या स्कुट नावाच्या एल्क नराच्या, म्हणजे उत्तरेकडच्या एका थोराड हरणाच्या, पाठीवर बसून किल्ल्याबाहेरचे जग पाहायला निघते. वाटेत तिचा मुकुट जातो, मग वस्त्र जाते, आणि शेवटी गळ्यातले हृदयाच्या आकाराचे सोन्याचे पदक जंगलातल्या एका काळ्याशार डोहात पडते. ती काठावर बसून पाण्यात पाहत राहते, एल्क परत चल म्हणून विनवतो, ती उठत नाही. वर्षे लोटतात. चित्राचे शीर्षकच असे आहे की तुव्हस्तार अजून तिथेच बसून पाण्यात पाहते आहे. तिचे नाव एका दलदलीत उगवणाऱ्या, गड्ड्यांनी वाढणाऱ्या गवताचे आहे, आणि कथेच्या शेवटी त्या काठावर मुलगी उरत नाही, पाण्यावर झुकलेले पांढऱ्या कापसाचे एक नाजूक रोप उरते.

आता चित्र पाहा. पानाचा बहुतेक भाग अंधाराने व्यापलेला आहे. स्प्रूसचे बुंधे खालपासून वरपर्यंत सरळ जातात आणि चौकटीच्या वरच्या कडेने कापले जातात, त्यामुळे झाड किती उंच आहे याचा पत्ता लागत नाही. शेंडा दिसला असता तर उंची मोजता आली असती आणि जंगल लहान झाले असते. त्या साऱ्या काळोखात एकच फिकट आकृती आहे, गुडघे जवळ घेऊन बसलेली, लांब केस पाठीवरून उतरलेले, मान खाली. तिच्या चेहऱ्यावर दुःख रंगवलेले नाही. रडणे नाही, हात उंचावणे नाही. नवख्या चित्रकाराने इथे डोळ्यांत पाणी आणले असते. बाउअरने फक्त मान किती वाकवायची एवढेच ठरवले, आणि तिच्याभोवती इतका अंधार ठेवला की ती तिथून कधीच उठणार नाही हे मुलालाही समजते. ती त्या जागेचीच झाली आहे, आणखी थोडा वेळ गेला की गवत होईल, ही कथेतली पुढची घटना त्याने चित्रात आधीच पेरून ठेवली आहे. माझ्या मते कथाचित्राचे काम याहून चांगले करता येत नाही.

आपल्या प्रकाशकांनी नॉर्वेच्या थेओडोर किटेलसन यांचेही नाव घेतले असेल. ते बाउअरच्या आधीच्या पिढीचे (१८५७ ते १९१४), आणि त्यांच्याकडून बाउअर शिकला हे उघड आहे. पण त्यांचा देश वेगळा आहे. किटेलसन यांनी लोफोटेनच्या समुद्रातल्या एकाकी बेटांवर दोन वर्षे काढली होती; त्यांचा ट्रोल अख्खा डोंगर असतो, त्याच्या डोक्यावर झाडे उगवलेली असतात आणि तो दुरून, क्षितिजावरून चालत येतो. बाउअरचा ट्रोल शिळेएवढा, हाताच्या अंतरावर. आपल्या कथा कुठल्या देशातल्या आहेत हे आधी पाहा, म्हणजे कोणाकडे वळायचे ते ठरेल.

१९११ चे पुस्तक बाउअरने का केले नाही, हेही आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. तोवर प्रकाशन संस्था मूळ चित्रे स्वतःकडे ठेवून घेत होती. बाउअरने हक्क आणि मूळ चित्रे आपल्याकडे राहावीत अशी मागणी केली, ती नाकारली गेली, आणि तो बाजूला झाला. त्या वर्षी विक्री घसरली आणि पुढच्या वर्षी तो परत आला. स्वीडनमध्ये एवढा लोकप्रिय झालेल्या माणसालाही हे भांडण करावे लागले. माझ्या उमेदवारीच्या काळात एका प्रकाशकाने माझी चोवीस मूळ चित्रे कधीच परत केली नाहीत, कारण करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती आणि ती मागण्याचे मला सुचलेही नव्हते. आपण सही करण्यापूर्वी ती ओळ घालून घ्या.

त्याच्या आयुष्याबद्दल आपण विचारले नाही, पण चित्रांशी ते इतके गुंतलेले आहे की टाळता येत नाही. अकादमीत त्याला एस्टर एल्कविस्ट भेटली. ती स्वतः चित्रकार होती. त्या काळी स्त्रियांचा वर्ग वेगळा भरत असे आणि ती त्या वर्गात शिकत होती. १९०६ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. त्याच्या परीराण्या आणि राजकन्या यांच्यासाठी तीच समोर बसत असे, आणि आज तिची ओळख मुख्यतः त्या चित्रांतल्या चेहऱ्यापुरती उरली आहे. तिचे स्वतःचे काम संसारात मागे पडले. ही गोष्ट मला अस्वस्थ करते आणि बाउअरबद्दल बोलताना ती वगळणे मला योग्य वाटत नाही.

१९०८ ते १९१० ही दोन वर्षे दोघे वडिलांनी दिलेल्या पैशांवर जर्मनी आणि इटलीत होते. इटलीतल्या भिंतीचित्रांचा, विशेषतः पंधराव्या शतकातल्या चित्रकारांचा, त्याच्यावर खोल परिणाम झाला. परत आल्यावरच्या चित्रांत आकृती अधिक स्थिर झाल्या, कडा अधिक स्वच्छ झाल्या, पार्श्वभूमी थेट समोरून मांडलेली दिसू लागली. म्हणजे जे चित्र आपल्याला अस्सल उत्तरेचे वाटते त्याचा सांगाडा बराचसा इटलीत शिकलेला आहे. बाउअरने दक्षिणेकडून रचना घेतली, ऑलिव्हची झाडे घेतली नाहीत. परक्याकडून काय घ्यावे याचे हे एक उत्तर खुद्द त्यानेच देऊन ठेवले आहे.

१९१४ मध्ये त्यांनी ग्रेन्ना गावाजवळच्या बुन तळ्याकाठी घर घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याच वर्षी बाउअरने ते वार्षिक सोडले. ट्रोलांपासून त्याला सुटका हवी होती. तो भिंतीचित्रे करत होता, एका नृत्यनाट्याची कथा रचत होता. डोंगरराजाच्या त्या कथेला हुगो आल्फवेन यांनी संगीत दिले आणि ते १९२३ मध्ये स्टॉकहोमच्या रंगमंचावर आले, तेव्हा बाउअर हयात नव्हता. तळ्याकाठच्या एकांतात तो रमत होता, एस्टरला मात्र माणसांची आणि शहराची ओढ होती, आणि संसारात ताण आला होता. ज्या एकांताने त्याला चित्रे दिली तो दोघांनाही सारखाच मानवेल असे नव्हते.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते स्टॉकहोमजवळच्या नव्या घरी राहायला निघाले. दीड महिना आधी, १ ऑक्टोबरला, नॉरशॉपिंग शहराजवळ रेल्वेचा भराव खचून भीषण अपघात झाला होता आणि त्यात किमान ४२ माणसे गेली होती. त्या धास्तीने बाउअर कुटुंबाने गाडीऐवजी पेर ब्राहे या आगबोटीने जायचे ठरवले. बोटीवर शिवणयंत्रे, ओतीव लोखंडाच्या शेगड्या आणि नांगर लादलेले होते, त्यांतले बरेच उघड्या डेकवर. २० नोव्हेंबरच्या रात्री व्हेटर्न सरोवरात वादळ उठले, माल एका बाजूला सरकला, आणि हेस्थोल्मेन बंदराच्या अगदी जवळ बोट बुडाली. बोटीवरच्या २४ जणांपैकी कोणीही वाचले नाही. बाउअर ३६ वर्षांचा होता, मुलगा तीन वर्षांचा. बोट १९२२ च्या ऑगस्टमध्ये वर काढली गेली आणि तिघांचे दफन यॉन्शॉपिंगला झाले.

आता आपला दुसरा प्रश्न. न पाहिलेले जंगल काढायचे तर बाउअरचे ट्रोल, त्यांची नाके आणि त्यांच्या शेपट्या बाजूला ठेवा. त्यांची नक्कल शंभर वर्षे चालू आहे आणि ती लगेच ओळखू येते. त्याची अक्षांशाची समज घ्या. हुस्कवार्ना ते ग्रेन्ना अशी सुमारे ५० किलोमीटरची एक पायवाट त्याच्याच नावाने आहे, तिची छायाचित्रे सहज मिळतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली शोधा, उन्हाळ्यातली नकोत. प्रत्येक छायाचित्रात उजेड कोणत्या उंचीवरून येतो एवढेच पेन्सिलने टिपून ठेवा. शिळा काढायचा हात मात्र छायाचित्रांवर बसत नाही. त्यासाठी पावसाळ्यात घाटावरच्या एखाद्या देवराईत चार दिवस जा, शेवाळाने भरलेले धोंडे आणि त्यांना कवळणारी मुळे समोर बसून काढा. झाड निराळे, उजेड निराळा, दगड बेसाल्टचा. तरी शेवाळ दगडाची कड कशी खाते, मूळ कपार कसे शोधते, हे तुमच्या मनगटाला तिथेच कळेल आणि मग स्मोलांडची शिळा काढताना ते उपयोगी पडेल.

त्यानंतर पहिल्या कथेची सगळी चित्रे टपाल तिकिटाएवढ्या चौकोनांत, काळ्या आणि पिवळ्यात करा. एका ए-फोर कागदावर सगळी मावतील. तो कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून ज्या चौकोनात नायक कुठे आहे हे दिसत नाही, तो पुन्हा काढायचा.